मन्मथअप्पांचे थेंब

चहाचा थेंब सांडला की बहुतेक माणसं फडकं शोधतात. मन्मथअप्पा भिंग शोधायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. पाटबंधारे खात्यात मी कालव्याच्या मोजणीचं काम करायचो. बदली होऊन गेवराईला आलो आणि भाड्याच्या खोलीची चौकशी करत बाजारपेठेतल्या त्यांच्या छापखान्यात शिरलो. त्यांनी चहा मागवला. कप उचलताना माझ्या हातून थोडा चहा टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत सांडला. मी खिशातून रुमाल काढला, तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका. सुकू द्या त्याला."

खोली, भाडं, पाणी सगळं बाजूला राहिलं. दुपारचं ऊन दारातून थेट टेबलावर येत होतं, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. थेंब सुकला तेव्हा मधे जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. कडेला मात्र गडद तपकिरी रेघ उमटली होती, बारीक काठ असलेल्या धोतरासारखी.

"आता सांगा, सगळा रंग काठाला का म्हणून गेला?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"थेंब मधे फुगीर असतो, काठाला पातळ. पातळ ते आदी सुकतं. काठ सुकला की मधलं पाणी तिकडं धावतं, आन् जाताना रंग संगं घेऊन जातं." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बघा. लई कमी लोकांनी बघितलंय हे. या गावात तर मीच."

भिंगातून बघून झाल्यावर मी सवयीने खिशातली पट्टी काढली आणि कडं मोजलं. बारा मिलिमीटर भरलं. अप्पांचा चेहरा उजळला. "मोजता व्हय तुमी? मग खोली मिळाली म्हणून समजा."

आतून त्यांच्या पत्नीचा, सुभद्राकाकूंचा आवाज आला. "अवो, खोली दावा आदी माणसाला. थेंब काय कुटं पळून जात न्हाईत."

अशा रीतीने मी अप्पांच्या छापखान्यावरच्या माडीवर राहायला गेलो. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे असेल. अंगाने आडवे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आवाज असा की त्यांनी दुकानात कुणाला नमस्कार म्हणून 'शरणार्थ' म्हटलं की समोरच्या कापडवाल्याची मान वर व्हायची. तरुणपणी अंबाजोगाईला सायन्सला गेले होते. वडील वारले आणि शिक्षण अर्धं टाकून छापखान्यात बसावं लागलं. त्याचं त्यांना दुःख असावं असं लोकांना वाटे, पण मला ते कधी दिसलं नाही. त्यांच्या मते कॉलेजचंच नुकसान झालं होतं.

नम्रता हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. वीज गेली आणि परत आली तरी "बघा, मी आत्ताच म्हणलो होतो" म्हणणारा हा माणूस. पण फुशारकी मारताना ते समोरच्यालाही आपल्याबरोबर वर चढवायचे, म्हणून ऐकणाऱ्याला कंटाळा येत नसे. माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "हे मोजणीसाहेब. यांच्या परवानगीशिवाय गोदावरीचं पाणी हालत न्हाई." मी कालव्याच्या काठी उभा राहून पट्टीवरचा आकडा वाचणारा माणूस. ते सांगायचा मी दरवेळी प्रयत्न केला, आणि दरवेळी ते "लाजतेत" म्हणून मोकळे झाले.

माझं तिथे राहणं झालं तो काळ धावपळीचा होता. पेठेत एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते, घराघरांवर केबलच्या तारा लोंबत होत्या, संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या. या सगळ्याचा पहिला फटका अप्पांना बसला. त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. पूर्वी लाल शाईत एक गणपती आणि काळ्या शाईत मजकूर एवढ्यावर गिऱ्हाईक खूश असायचं. आता लोकांना चार रंगांचा गणपती हवा होता, आणि तो बीडला ऑफसेटवर मिळत होता. एकेक गिऱ्हाईक अप्पांच्या दारावरून बीडच्या गाडीत बसू लागलं.

लातूरला अप्पांच्या मेव्हण्याचं किराणा दुकान होतं. दिवाळीला तो आला तेव्हा म्हणाला, "भावजी, कशाला छपाईचे खिळे जुळवीत बसता? या माझ्याकडं. तराजूवर घरचं माणूस लागतंच."

अप्पा हसले नाहीत. मेव्हणा गेल्यावर मला म्हणाले, "या लगीनसराईत रंगीत पत्रिका जमली तर जमली. न्हाई तर मी तराजू धरणार. मी, साहेब! साखरेच्या पुड्या बांधणार!"

पायाने चालवायच्या दोन ट्रेडल छपाईयंत्रांपैकी एक विकून त्यांनी संगणक आणला आणि त्याच्याबरोबर शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर. गावाने त्या प्रिंटरचं नाव 'फवारा' ठेवलं. जाता-येता कुणीतरी दारातून विचारायचं, "काय अप्पा, कपाशीवर मारता का फवारा?" अप्पा आतून ओरडायचे, "तुज्या जिभेवर मारतो, ये बे आत."

त्यांची युक्ती साधी होती. गणपती, वेलबुट्टी आणि नवरा-नवरीची नावं फवाऱ्यावर रंगीत छापायची, आणि बाकीचा मजकूर नेहमीसारखा ट्रेडलवर काळ्या शाईत.

त्या दिवसांत मी कामावरून परत आलो की भिंग माझ्या हातात यायचं. नुसत्या डोळ्यांना जे आंब्याचं हिरवं पान दिसे, ते भिंगाखाली निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांचं निघे. एकेक ठिपका म्हणजे यंत्राने उडवलेला एकेक थेंब. कागद बदलला की थेंबाची चाल बदलायची. वर्तमानपत्राच्या कागदावर तो लगेच फुटून घोणीसारखे पाय टाकी. गुळगुळीत कार्डावर तो तसाच वर बसून राही आणि बोट लागलं की फरफटे.

"घरं असतात तशी," अप्पा म्हणायचे. "काही घरं पाहुण्याला इतकी आत घेतेत की पाहुणा दिसतच न्हाई. काही उंबऱ्यावरच उभं करतेत. आपल्याला मधलं घर पायजे. पाहुणा वसरीवर बसला पायजे."

ते मधलं घर म्हणून त्यांनी जाडसर, थोडं खरखरीत कार्ड निवडलं. त्यावर छापलेला गणपती खरंच सुरेख दिसत होता. तो बघूनच उमापूरचे आबासाहेब गळाला लागले. आबासाहेब मोठे बागायतदार, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेले. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न. त्यांची पत्रिका तालुक्यातल्या प्रत्येक गावात जाणार, म्हणजे अप्पांचा गणपतीही जाणार. अप्पा आठवडाभर जमिनीवर नव्हते. पत्रिका छापल्या, मी मुहूर्ताचे आकडे तपासून दिले, गठ्ठे बांधून उमापूरला पोचते झाले.

दुसऱ्याच दिवशी दारात जीप थांबली. आबासाहेब खाली उतरले ते एक हात पुढे धरूनच. हातात रुमाल होता. त्यांनी तो टेबलावर उलगडला. आत पत्रिका होती.

आपल्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय ती कुणाच्या हातात देत नाहीत, आणि पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवतात. हळद ओली कालवलेली असते. त्या पाण्याने गणपतीचं लाल सोवळं विरघळून पायांपर्यंत ओघळलं होतं. वेलीचा निळा रंग हळदीत मिसळून कोपरे शेवाळासारखे हिरवे झाले होते. काळा मजकूर ठणठणीत होता. नवरीच्या नावाचा मात्र गुलाबी डाग झाला होता.

"देवापुढची पत्रिका हाय ही," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "पोरीचं नाव पुसलं, अप्पा. घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले."

अप्पांनी कार्ड दहा प्रकारे तपासलं होतं. घासून, वाकवून, उन्हात ठेवून. हळद लावून मात्र पाहिलं नव्हतं. छापखान्यातून पत्रिका कोरी जाते. हळद लागते ती गिऱ्हाइकाच्या घरी. ट्रेडलची शाई तेलाची, तिला पाण्याचं काही वाटत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणालाच तो विचार करावा लागला नव्हता.

"बाजाराच्या दिवशी माझी माणसं गावोगाव निघणार," आबासाहेब म्हणाले. "तवर जमत असंल तर सांगा. न्हाई तर मी बीडला निरोप धाडतो."

"बाजारच्या दिवशी या," अप्पा म्हणाले. "येताना हळद घेऊन या. तुमच्या हातानं लावा."

जीप गेली. सुभद्राकाकू दारात उभ्या होत्या. "लातूरला कळवू का भावाला, तराजू पुसून ठेव म्हणून?"

"कळव," अप्पा म्हणाले, "आन् त्याच्याकडं लगीन ठरलं की पत्रिका माझ्याकडूनच छापून घे म्हणावं."

पहिला प्रयोग मेणबत्तीचा झाला. छापलेल्या गणपतीवर मेण घासलं, वरून कोमट इस्त्री फिरवली, आणि काकूंनी ओली हळद लावली. रंग जागचा हलला नाही. अप्पांनी आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तेवढ्यात हळदीचे गोल मणी झाले आणि घरंगळून टेबलावर पडले.

"आता बोला," काकू म्हणाल्या. "रंग ऱ्हायला आन् हळद पळाली. ज्या पत्रिकेला हळद लागत न्हाई ती सुतकाची."

अप्पांनी खाली पडलेला एक पिवळा मणी बोटावर उचलून बघितला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. वरून दार लावून जमायचं न्हाई. कागदाच्या आतच कुणीतरी धरून ठेवणारं पायजे."

मग कपड्यांना घालतात ती ज्वारीच्या पिठाची खळ आली. छापायच्या आधी कार्डाला खळीचा पातळ हात द्यायचा आणि सुकवायचं. त्याने एक चांगली गोष्ट झाली. काडीने सोडलेला रंगाचा थेंब नुसत्या कार्डावर पाच मिलिमीटर पसरायचा, तो खळीवर साडेतीनवर थांबू लागला. हे आकडे माझे, त्यामुळे खात्रीचे. ठिपके नेटके झाले, गणपतीच्या डोळ्यांतली बुबुळंसुद्धा दिसू लागली. पण हळद लावली की रंग पूर्वीसारखाच वाहायचा. नेटका वाहायचा, एवढंच.

अप्पा त्या दिवशी जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. "आमची आई," ते म्हणाले, "विटलेली पातळं घरी रंगवायची. रंगाच्या घंगाळात काय टाकायची ती?"

"मीठ," मी म्हणालो.

"मीठ न्हाई वो. खडा असायचा. आमी चाटायचो तर जीभ आखडायची."

"तुरटी," काकू म्हणाल्या आणि आमटी वाढत राहिल्या.

अप्पा हात न धुताच उठले.

तुरटी रंगाला धरते. कापडात धरते तर खळीत का धरणार नाही, एवढाच त्यांचा तर्क. पण पहिल्या खेपेला त्यांनी उत्साहात मूठभर टाकली. सुकल्यावर कार्डावर साखर पसरल्यासारखे कण चमकू लागले आणि गणपतीला देवी आल्यासारखं दिसलं. तिथून पुढे तराजू मी हातात घेतला. थोडी थोडी कमी करत गेलो. लिटरभर खळीला पन्नास ग्रॅमवर कार्ड साफ निघालं. छापलं, सुकू दिलं. काकूंनी हळद लावली.

निळा निळ्याच्या जागी राहिला. हळद हळदीच्या जागी राहिली. दोघांच्या मधे केसाएवढी रेघ होती. अप्पांनी भिंग लावलं, मला दिलं, काकूंना दिलं, पुन्हा स्वतः घेतलं.  मग एवढंच म्हणाले, "अजून एकदा लावा."

एक कार्ड जमणं वेगळं आणि सगळा गठ्ठा जमणं वेगळं. खळ लावलेली कार्डं उन्हात ठेवली तर पापडासारखी वळायला लागली, आणि वळलेलं कार्ड फवारा गिळेना. मग ती सावलीत दोरीवर टाकून सुकवली आणि वजनाखाली दाबायची ठरली. वजन म्हणून काकूंचा पाटा आला, तो पुरेना म्हणून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. अप्पा स्वतः दारोदार फिरले. "वैनी, पाटा द्या, उमापूरच्या पोरीचं लगीन दाबायचंय!" त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी चटणी वाटली गेली नाही. पण बाया एकेक करून दुकानात येऊन आपापल्या पाट्याखालची कार्डं बघून गेल्या, आणि आपल्या पाट्याखालची सगळ्यात सरळ निघाली असं प्रत्येकीने सांगितलं.

बाजाराच्या दिवशी आबासाहेब आले ते थोरल्या बहिणीला घेऊन. या आत्याबाई सत्तरीच्या, ताठ, डोईवरचा पदर कपाळापर्यंत. बाजारच्या हळदीवर भरवसा नाही म्हणून त्यांनी घरची हळद वाटीत आणली होती. दुकानात कापडवाला, पानवाला, गल्लीतल्या दोन-तीन बाया अशी गर्दी झाली होती.

आत्याबाईंनी गठ्ठ्यातली वरची पत्रिका घेतली नाही. मधली ओढून काढली. हळदीत सढळ पाणी घातलं, चारी कोपऱ्यांना बोट लावलं आणि थांबल्या. रंग हलला नाही. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी वाटीत तीन बोटं बुडवली आणि नवरीच्या नावावरूनच आडवी ओढली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आत्याबाईंनी पत्रिका तिरपी धरली. पिवळं पाणी नावावरून ओघळून खाली टपकलं. त्यांनी पदराचं टोक घेऊन नाव पुसलं, टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. पदर पिवळा झाला होता. गुलाबी नव्हता.

"न्हाई जात," त्या भावाला म्हणाल्या. "पक्कं हाय नाव."

आबासाहेबांनी पत्रिका हातात घेतली, मुलीचं नाव ओठांतल्या ओठांत वाचलं, आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

 अप्पा उठले, दुकानाच्या पायरीवर गेले आणि भर बाजारात दोन्ही हात वर करून ओरडले, "लागली! हळद लागली!"

रस्त्यापलीकडून आवाज आला, "कुणाला, अप्पा?"

"गणपतीला, बे!"

त्यानंतर काय काय झालं ते थोडं मी पाहिलं, बरंचसं ऐकलं. माजलगाव, पाथर्डी, पार शेवगावपासून गिऱ्हाइकं 'न वाहणारी पत्रिका' विचारत आली. बीडच्या एका छापखानेवाल्याने माणूस पाठवून गुपित विचारलं, तर अप्पांनी त्याला बसवून घेऊन खळ, तुरटी, सावली, पाटे सगळं मोठ्याने सांगितलं. काकू चिडल्या तेव्हा म्हणाले, "सांगितलं तर बिघडलं काय? गल्लीभर पाटे त्याला कोण देणार हाय?" पुढे फवाऱ्यासाठी कंपन्यांचा तयार कागद बाजारात आला. त्याच्यावर त्यांनी हळद लावून बघितली आणि कंपनीला उशिरा का होईना सुचलं, असं जाहीर केलं. मेव्हण्याच्या तराजूला घरचं माणूस काही मिळालं नाही.

पण यातलं बहुतेक माझ्या कानांवर आलं ते नांदेडला, कारण मधेच माझी बदली झाली. अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते उमापूरच्या त्या लग्नात. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं.

पत्रिका छापणाऱ्याला लग्नाचं आमंत्रण द्यायची पद्धत नाही. अप्पांना आलं, तेही सहकुटुंब, आणि द्यायला आबासाहेब स्वतः आले होते. मांडवात मामा, काका, व्याही यांना फेटे बांधून झाल्यावर आबासाहेबांनी माइकवरून अप्पांचं नाव घेतलं. व्याह्यांकडचं कुणीतरी विचारत होतं, "हे कोण पाहुणे? मामाकडचे का?" आत्याबाई म्हणाल्या, "घरचेच." आबासाहेबांनी आपल्या हाताने फेटा बांधला. अप्पांचं डोकं मोठं, फेटा थोडा अपुरा पडला आणि उजव्या कानावर कलला. त्यांनी तो सरळ केला नाही.

नंतर मी जेवायला बसलो तर अप्पा पंगतीत दिसेनात. बघतो तर बुंदीची बादली त्यांच्या हातात. वाढप्याकडून त्यांनी ती काढून घेतली होती आणि धोतराचा सोगा खोचून ते ओळीतून फिरत होते. ओळखीचे लोक खाली बसूनच त्यांना अडवत होते. "अप्पा, आमची पत्रिका तुमच्याकडंच, बरं का." "आदी जेवा," अप्पा म्हणत होते, आणि प्रत्येकाच्या पानात एक वाढीव ओगराळं पडत होतं.

मला जीप गाठायची होती. मी हात धुऊन मांडवाच्या दारापर्यंत आलो आणि मागे वळून पाहिलं. शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसली होती. आबासाहेबांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले होते आणि पुरे, पुरे म्हणत होते. अप्पा त्यांच्यासमोर कललेल्या फेट्याने उभे होते, ओगराळं बुंदीने शिगोशीग भरलेलं.

"हात काढा, आबासाहेब," ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आज आमी वाढणार."

आबासाहेबांनी हात काढले.